कोरड्या हवेचं सुख

नगरच्या उन्हाळ्याला सगळ्यात जास्त नावं ठेवतात ती नगरकर मंडळीच. पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. २०२४ साली जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात शहर अजून ‘नगर’च आहे आणि उन्हाळाही ‘नगरचा उन्हाळा’च. पण ज्या कोरड्या हवेला आपण उठताबसता शिव्या घालतो, तिच्याच जिवावर इथल्या घरगुती उन्हाळ्याची बहुतेक सुखं उभी आहेत. मुंबईच्या नातेवाइकाला माठातलं पाणी बेचव लागतं आणि नगरला आल्यावर तोच माणूस तांब्यावर तांब्या रिचवतो, यामागे मायेपेक्षा हवामानाचा वाटा मोठा आहे.

सह्याद्रीच्या भिंतीमागे, पर्जन्यछायेत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर हे शहर वसलं आहे. पाऊस बेताचाच, वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली उतरते. अशी हवा मिळेल तिथून पाणी शोषून घेते. घामाचं, तळ्याचं, आणि माठाचंही.

माठाचं गणित एकदा नीट मांडून बघण्यासारखं आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. दहा लिटरच्या माठातून नुसतं अर्धा पेला, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी झिरपून उडालं, तर ते जाताना ५८ किलोकॅलरी घेऊन जातं. ही सगळी उष्णता उरलेल्या पाण्यातूनच गेली असं धरलं, तर ते पाणी जवळजवळ सहा अंशांनी थंड व्हायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची ऊबही आत शिरत असते, त्यामुळे थोडं जास्त पाणी खर्ची पडतं. हिशेब मात्र असाच चालतो.

आता हे थंड होणं कुठवर चालतं? तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर जो आकडा दिसतो, तिथवर. त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा २२ अंशांच्या आसपास येतो. मुंबईत मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तो २८ च्या वरच अडकतो. मुंबईत उकाडा कमी, पण माठाला वाव पाच अंशांचाही नाही. नगरला वाव अठरा अंशांचा आहे. प्रत्यक्षात माठ शेवटच्या आकड्यापर्यंत पोचत नाही, दोन-चार अंश अलीकडेच थांबतो. तरी चाळिशीच्या उन्हात पंचविशीचं पाणी मिळत असेल, तर तक्रारीला जागा कुठे राहते?

कुंभार मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतात ती याचसाठी. भट्टीत लीद जळून जाते आणि मागे बारीक छिद्रं राहतात. माठ काळा की लाल, यावरून बाजारात फार वाद होतात. रंग भट्टीतल्या धुराचा असतो, गारव्याशी त्याचा संबंध नाही. गारवा छिद्रांचा आहे. म्हणून नव्या माठात दिवसभर पाणी भरून ते ओतून द्यावं, बाहेरून साबण कधी लावू नये, आणि बोअरचं जड पाणी भरत असाल तर दोन-तीन उन्हाळ्यांत माठ ‘मेला’ म्हणून समजावं. पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात, माठाला पाझर राहत नाही आणि पाणीही मग गार होत नाही. असा माठ फेकू नका. त्याचं काय करायचं, ते पुढे परसबागेत सांगतो.

हीच तहानलेली हवा गच्चीवर दुसरं काम करते. मार्च उजाडला की घराघरांत ‘उन्हाळी कामं’ निघतात: पापड, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस, उपवासाच्या चकल्या. पण खरी परीक्षा कुरडईची. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चोथा बाजूला काढायचा. चीक रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी वरचं पिवळट, आंबूस पाणी ओतून द्यायचं. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग, आणि एकीने चीक ओतायचा, दुसरीने हात न थांबवता हाटायचं. पांढरा चीक बघता बघता काचेसारखा पारदर्शक होतो आणि पळीला चिकटून ओढला जातो. पिठातला स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो, त्याची ही खूण. या टप्प्यावर पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती बसलेली असतात. गरम चीक, त्यावर तेलाची किंवा तुपाची धार. काही घरांत दूध-साखर. कुरडईपेक्षा चीकच जास्त आवडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांत मीही आहे.

सोऱ्या फिरायला लागतो तो ऊन वर यायच्या आधी. जुन्या साडीवर कुरडया पडतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांची वरची बाजू कडक व्हावी लागते. इथे कोरड्या हवेचं मोल कळतं. दमट गावी हाच घाणा दुसऱ्या दिवशी आंबतो, तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी दिसते. नगरला दोन कडक उन्हांत काम होतं. तरी पूर्ण पाणी जात नाही आणि ते जायलाही नको. थोडा ओलावा आत उरतो, गरम तेलात त्याची क्षणात वाफ होते आणि तीच कुरडईला फुलवते. गच्चीवर कावळे-चिमण्या हाकलायला काळी छत्री उघडून ठेवतात आणि एखादं पोर राखणीला बसवतात. राखणदाराची मजुरी म्हणजे अर्धवट वाळलेले सांडगे. ती तो स्वतःच्या हाताने वसूल करून घेतो.

दिवसा वाळवण आणि रात्री अंथरूण, अशी गच्चीची दुहेरी पाळी चालते. एप्रिलमध्ये नगरला दिवसाचा उच्चांक आणि पहाटेचा नीचांक यांत पंधरा-सोळा अंशांचा फरक सहज पडतो. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते ही उष्णता अडवून पुन्हा खाली पाठवतं. कोरडी, निरभ्र हवा तिला जाऊ देते. सूर्य मावळल्यावर गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडायची जुनी रीत त्याला हातभार लावते. मात्र नळाला पाणी दिवसाआड येत असेल, तर बादलीभरातच भागवावं. नऊ-दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवत न्या, आधी नारिंगी स्वाती लागते आणि मग पांढरी चित्रा. मे महिन्यात दहा वाजून गेले की आग्नेयेकडून विंचवाची नांगी वर येते. हे सगळं शिकायला पुस्तक लागत नाही, शेजारच्या अंथरुणावर एक बडबडा काका असला की पुरे.

बाष्पीभवनाचा हा उद्योग निजामशहांनी राजेशाही थाटात करून पाहिला होता. शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ साली पुरा झालेला हा अष्टकोनी महाल मोठ्या हौदाच्या मधोमध बांधला. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये उंच घुमटाचं दालन. पाण्यावरून येणारा वारा गार होऊनच आत शिरे. हौदाला आणि शहराला पाणी यायचं ते खापरी नळांतून. आसपासच्या उंचावरच्या गावांकडच्या विहिरींपासून भाजक्या मातीचे नळ जमिनीखालून उतारावर टाकलेले होते, त्यांना ना मोट लागे ना पंप. आज हौद कोरडा आहे, महालाचा गिलावा झडला आहे. एप्रिलच्या सकाळी लवकर गेलात तर आतल्या दालनात अजूनही बाहेरच्यापेक्षा गार वाटतं. जाड भिंतींचं ते देणं आहे, पाण्याचं नाही. एका राजाच्या दुपारच्या गारव्यासाठी एवढा मोठा हौद भरत असत, हे मनात धरून फिरलं की घरचा माठ जास्त शहाणा वाटू लागतो.

राजांनंतर नगरच्या उन्हात बागकाम केलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे एक कैदी. ९ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आपले शंकरराव देव होते. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला ते आपल्या बागकामाबद्दल लिहितात, ते मात्र कुणी शिकवत नाही. ऊन असतानाही रोज तासन् तास ते फुलांचे वाफे खणत. माती वाईट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्याने भरलेली. खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष लागत आणि त्यावरून त्यांचं मन इतिहासाकडे वळे. आझादांनी तिथे लिहिलेली पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांचा आवडता चहा आहे आणि खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्याही आहेत. नगरमध्ये ज्यांनी नव्या बंगल्याच्या आवारात पहिलं आळं खणलंय, त्यांना नेहरूंचं दुखणं लगेच कळेल. चार बोटं मातीखाली मुरूम, मुरमाखाली बिल्डरने गाडलेल्या विटा.

या मुरमाडावर बाग करायची तर पाणी घालण्याआधी ते उडू कसं नये ते बघावं लागतं. त्यासाठी जिल्ह्यात एक वस्तू मुबलक आहे: उसाचं पाचट. मार्च-एप्रिलमध्ये तोड संपते आणि कित्येक शेतांत पाचट सर्रास पेटवून देतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पोती मागून आणा आणि कुंड्यांत, आळ्यांत तीन-चार बोटं जाडीचा थर द्या. उन्हाचा मारा मातीपर्यंत पोचत नाही, माती गार राहते आणि पाण्याची एक पाळी वाचते. पावसाळ्यात तेच पाचट कुजून खत होतं.

आणि तो मेलेला माठ? त्याची छिद्रं पार बुजली असतील तर बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवा. अजून थोडा पाझर असेल तर तसाच घ्या. गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भोवती भोपळा, दोडका किंवा कारल्याच्या बिया टोका, माठ भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. माती कोरडी असते तेव्हा ती माठातून पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ मंदावते. झाड हवं तेवढंच पितं. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये फान शेंगची यांच्या नावावर असलेल्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात तिचं वर्णन आहे. मोरीचं पाणी अळू, केळ आणि कर्दळीला खुशाल सोडा. कोथिंबीर-पुदिन्यासारख्या कच्च्या खायच्या पाल्याला ते घालू नका.

बियांचा विषय निघाला की अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव घ्यावंच लागतं. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी परसातल्या भाज्यांचं गावठी बियाणं जमवायला सुरुवात केली. एकट्या वालाच्याच कितीतरी जाती, शिवाय भात, नागली, वेलभाज्या, रानभाज्या. बायफ संस्थेच्या साथीने त्यांच्या घरी बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘बीजमाता’ ही त्यांची ओळख आता राज्यभर आहे. आपल्यासाठी त्यातली उपयोगाची गोष्ट साधी आहे. गावठी वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं, संकरित पाकिटातलं उगवेलच पण तसंच निघेल याची खात्री नाही. आणि बी टिकवायचं काम परत उन्हाळ्याचंच. वेलावरची एक-दोन चांगली फळं न तोडता वाळू द्यायची, बी उन्हात खडखडीत करून राखेत घोळून ठेवायचं. ओलं राहिलं की पोरकिडा लागलाच. ज्या गच्चीवर कुरडया वाळतात, तिथेच एका सुपात पुढच्या वर्षीचा दोडका वाळत घाला.

परसात एखादंच मोठं झाड लावायला जागा असेल तर लिंबू लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रीगोंदा तालुका कागदी लिंबाचं आगर आहे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘साई सरबती’ हा वाण दिलेला आहे. उन्हाळ्यात लिंबू का महागतं, याचं उत्तर झाडाच्या तऱ्हेत आहे. एप्रिल-मेमध्ये फळ हवं तर झाडाला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बहार यायला हवा आणि बहारासाठी त्याआधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. नेमका त्याच दिवसांत परतीचा पाऊस येतो आणि ताण मोडतो. म्हणून हा हस्त बहार कमी साधतो आणि बाजारात लिंबाचा भाव चढतो. घरच्या एका झाडाने दोन घरांचं सरबत सहज भागतं.

सरबताचा थोरला भाऊ उसाचा रस. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून या दुष्काळी जिल्ह्याची ओळख उसाशी जोडली गेली. इतक्या कमी पावसाच्या मुलखात इतका ऊस असावा का, हा वाद रास्त आहे आणि त्यात मी ऊस कमी व्हावा या बाजूचा आहे. रसवंतीतला आलं-लिंबू घातलेला पेला हातात आला की मात्र मी त्या वादात गप्प बसतो.

या उसाला पाणी मिळतं ते पाटाचं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, आणि तेव्हापासून प्रवरेचे कालवे अकोले-संगमनेरच्या खाली राहुरी-श्रीरामपूरपर्यंतचा पट्टा भिजवत आले आहेत. या भागात उन्हाळी सुट्टीचं वेळापत्रक शाळेपेक्षा आवर्तन ठरवतं. ‘पाटाला पाणी सुटलं!’ अशी बातमी आली की गावातली पोरं दुपारी घरात सापडत नाहीत. पोहणं मात्र पाटात शिकू नये. काँक्रीटचा तिरका काठ शेवाळलेला असतो, धार दिसते त्यापेक्षा जोराची असते आणि काठ धरायला हाताला काही लागत नाही. जुनी रीत विहिरीची. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा, कंबरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या मामाच्या हातात. मामाने दोर कधी सोडला ते पोराला कळत नाही, आणि कळतं तेव्हा पोहता येत असतं.

संध्याकाळच्या फिरण्याला शहराजवळ चांदबिबी महाल आहे. शहा डोंगरावरची ही तीन मजली अष्टकोनी इमारत खरं तर सरदार सलाबतखानाची कबर, चांदबिबीचा तिच्याशी नावापुरताच संबंध. पाथर्डी रस्त्याने तासाभराच्या आत वर पोचता येतं. सोबत भेळभत्ता, कांदा, कैरी आणि पाण्याची कळशी. सूर्य कलल्यावर वर जो वारा सुटतो, त्याच्यासाठीच नगरकर इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. कर्जतकडे जाणं झालं तर पहाटे रेहेकुरीला थांबा. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखलं. मे महिन्यात गवत वाळून पिवळं पडतं, त्यामुळे काळपट नर लांबूनही उठून दिसतात.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला मात्र कोरड्या हवेचं राज्य संपतं. ज्या जिल्ह्यात शहराला सहाशे मिलिमीटर पाऊस, त्याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीकडे चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. मे संपत आला की तिथे हवेत दमटपणा येतो, वळवाच्या दोन-चार सरी होतात आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या झाडांवर काजवे उतरतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात, आणि एखाद्या झाडावरचे सगळे काजवे जवळजवळ एका तालात उजळतात आणि विझतात. चमकणारे बहुतेक नर असतात, ते मादीला साद घालत असतात. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि जवळपास उष्णता न होता प्रकाश निघतो. अळीपणाचे कित्येक महिने ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढलेल्या या किड्याचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं.

तेवढ्या दिवसांत त्याला जोडीदार सापडायला अंधार लागतो. गाडीचे प्रखर दिवे, मोबाइलच्या टॉर्च आणि फ्लॅश यांनी त्याची साद मादीपर्यंत पोचत नाही, आणि पुढच्या वर्षीचे काजवे तितके कमी होतात. म्हणून जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, गाडी गावात लावून चालत जा, झाडाखालचं गवत तुडवू नका, पोरांना बाटलीत काजवे भरू देऊ नका आणि वनखात्याने घातलेली वेळेची मर्यादा पाळा. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा हे दिवस चांगले. मृगाचा पाऊस जोराने लागला की काजवे विरळ होतात, तेव्हा वाळवणं डब्यात भरून झाली की लगेच निघा.